खोली रिकामी आहे, की भाडेकरू परत आला?

‘डॉक्टर,
माझं वय ३६. तीन वर्षांपूर्वी माझ्या लिव्हरमधली ९ सेंमीची पाण्याची गाठ ऑपरेशन करून काढली. हायडॅटिड सिस्ट असं निदान होतं. नंतर महिनाभर अल्बेंडाझोलच्या गोळ्या घेतल्या. पहिल्या वर्षी एकदा सोनोग्राफी झाली, तेव्हा “ठीक आहे” म्हणाले. मग दोन वर्षं मी फिरकलेच नाही. गेल्या महिन्यात मुतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टात हे आलं : “लिव्हरच्या उजव्या भागात, जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी ४.२ सेंमीची द्रव असलेली पोकळी. हायडॅटिड पुन्हा झाल्याची शक्यता. आधीच्या तपासण्यांशी ताडून पाहावे.” मला त्रास काहीच नाही. पण मिस्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करून मोकळं होऊ. नणंद म्हणते, पहिल्या सर्जननेच काम अर्धवट केलं. सासूबाईंनी माझं ताट-भांडं वेगळं केलंय आणि दोन वर्षांपूर्वी घरी आणलेला कुत्रा कुणाला तरी देऊन टाका म्हणतात. मुलगी सात वर्षांची आहे. दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता, तोही आता बाजूला पडला. पुन्हा पोट उघडायची माझी हिंमत नाही. यातलं खरं काय धरायचं?
— एक वाचक’

ताई,

रिपोर्टातली ओळ तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, हे फार बरं केलंत. ती मी दोनदा वाचली. सोनोग्राफी करणाऱ्याने ‘शक्यता’ लिहिलंय आणि लगेच पुढे ‘ताडून पाहावे’ असंही लिहिलंय. तुमच्या घरात मात्र ‘पुन्हा झाल्याची’ एवढेच शब्द पोचले आणि त्यावर ऑपरेशन, आरोप, ताट-वाटी, कुत्रा असं सगळं उभं राहिलं. ताडून पाहायचं काम अजून कुणी केलेलंच नाही. तिथूनच सुरुवात करू.

आधी तीन वर्षांपूर्वी तुमच्या पोटात काय झालं ते समजून घ्या. ही गाठ म्हणजे एका बारीक फीतकृमीचं पिलू अवस्थेतलं घर. त्याला आतून बाहेर तीन थर असतात. सगळ्यात आत पातळ, जिवंत पापुद्रा. नवी पिलावळ तयार होते ती इथे. त्याच्यावर पांढरट, पडद्यासारखा थर. आणि सगळ्यात बाहेर जाड, चिवट भिंत, जी कृमीने बांधलेली नसते. आपल्याच लिव्हरने या घुसखोराभोवती घातलेलं ते कुंपण असतं. बऱ्याच ऑपरेशनांत सर्जन आतलं पाणी आणि दोन्ही पडदे काढून टाकतात, भिंतीचं वरचं छप्पर कापतात आणि लिव्हरला घट्ट चिकटलेला तळ तसाच ठेवतात. त्या तळाच्या आसपास मोठ्या रक्तवाहिन्या आणि पित्ताच्या नळ्या असतात, म्हणून.

आता ९ सेंमीची ताठ भिंतीची खोली भाडेकरू बाहेर काढल्यावर लगेच कशी मिटेल? ती हळूहळू आकसते. काहींची काही महिन्यांत, काहींची वर्षानुवर्षं. तोवर तिच्यात शरीराचाच पाझर किंवा थोडं पित्त साठून राहतं. कधी सर्जन पोटातली चरबीची चादर ओढून त्या पोकळीत भरतात, तीही पुढे सोनोग्राफीत चमत्कारिक दिसते. तुमचं जुनं ऑपरेशन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना पडद्यावर द्रव भरलेली गोल पोकळी दिसली आणि इतिहासात ‘हायडॅटिड’ वाचायला मिळालं, तर ते ‘शक्यता’ लिहिणारच. मीही लिहिलं असतं.

म्हणून प्रश्न गाठ आहे की नाही हा नाही. आतलं काही जिवंत आहे का, हा आहे.

त्याचं उत्तर शोधायला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन तुमच्या कपाटात असावं : पहिल्या वर्षीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. ‘ठीक आहे’ हे तुम्हाला तोंडी सांगितलं गेलं, कागदावर काय लिहिलं होतं? तेव्हा तिथे समजा ६ सेंमीची पोकळी नोंदवलेली असेल, तर आजची ४.२ सेंमी ही आनंदाची बातमी आहे. खोली आकसतेय. तेव्हा ३ सेंमी लिहिलेली असेल तर पोकळी वाढतेय, आणि रिकामी खोली आपण होऊन सहसा वाढत नाही. तेव्हा तिथे काहीच नव्हतं आणि आता आहे, असं असेल तर संशय आणखी बळकट होतो. नुसत्या ४.२ या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. एक आकडा म्हणजे एक ठिपका, रेष काढायला दोन लागतात.

दुसरा कागद, ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी नव्हेत; ऑपरेशन झाल्यावर सर्जन जी सविस्तर नोंद लिहितात, ती. गाठ उघडून रिकामी केली की भिंतीसकट अख्खी काढली, पित्ताची नळी तिच्यात उघडत होती का, पाणी पोटात सांडलं का, आत चरबी भरली का, हे त्यात असतं. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. हे कागद मागण्यात भांडण नाही, संकोचही नको.

तिसरी गोष्ट आजचं चित्र, पण नीट पाहिलेलं. हायडॅटिडसाठी सोनोग्राफी हीच पहिली आणि फार चांगली तपासणी आहे. मात्र ती करणाऱ्याला हा आजार ओळखीचा हवा. पोकळीत लहान-लहान पिल्लू-गाठी मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसल्या, सुटा पडदा पाण्यात तरंगताना दिसला, तर आतलं प्रकरण जिवंत असण्याचा संशय बळावतो. उलट आत लोकरीच्या गुंड्यासारखं घट्ट काही किंवा कडेला चुन्याचा जाड थर असेल, तर ती बहुधा थंडावलेली गाठ. शंका उरलीच तर एमआरआय करावा. आतले पडदे आणि पिल्लू-गाठी दाखवण्यात तो सिटी स्कॅनपेक्षा सरस आहे, आणि पित्तनलिकांचा नकाशाही मिळतो. त्याच वेळी पोटाचा बाकीचा भाग पाहून घ्यावा आणि छातीचा एक्स-रेही काढावा, कारण या गाठी लिव्हरखालोखाल फुप्फुसात सापडतात.

रक्ताच्या तपासणीबद्दल सावध करतो. कुणी हायडॅटिडच्या अँटिबॉडीची तपासणी सांगेल, ती पॉझिटिव्ह येईल आणि घरात पुन्हा रडारड होईल. गाठ पूर्ण काढून टाकल्यावरही या अँटिबॉडी रक्तात वर्षानुवर्षं राहतात. नुसत्या पॉझिटिव्हचा अर्थ ‘तुम्हाला हा आजार कधीतरी झाला होता’, आणि ते तर आपल्याला ठाऊकच आहे. जुन्या तपासणीचा आकडा हाताशी असेल आणि मधल्या काळात तो स्पष्ट वाढला असेल, तर त्याला काही किंमत. निगेटिव्ह आली म्हणून गाठ नाही, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. ‘सुई घालून थोडं पाणी काढून बघू, काय आहे ते कळेल’ असं सहज कुणी म्हणालं, तर थांबा. गाठ जिवंत असेल तर ते पाणी पोटात गळून नव्या गाठी रुजू शकतात, आणि क्वचित अंगभर ॲलर्जीची इतकी तीव्र प्रतिक्रिया येते की जीव धोक्यात येतो. सुईने करायचे उपचार आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो. पण ते आधीपासून गोळ्यांचं कवच घेऊन, भूलतज्ज्ञ शेजारी उभे असताना, सवय असलेल्या हातांनी करायचे असतात.

समजा सगळं ताडून पाहिलं आणि गाठ जिवंत निघाली. तरीही ‘लगेच ऑपरेशन’ हे पहिलं उत्तर असेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने या गाठींच्या अवस्था ठरवून दिल्यात, सीई १ ते सीई ५. उपचार या अवस्थेवर, आकारावर आणि गाठीच्या जागेवर ठरतो. नुसतं पाणी असलेली (सीई १) किंवा आतला पडदा सुटलेली (सीई ३ए) गाठ ५ सेंमीपेक्षा लहान असेल, तर बरेचदा फक्त गोळ्यांवर निभावतं. तुमची ४.२ आहे, हे लक्षात ठेवा. अशी गाठ मोठी असेल तर सोनोग्राफीत बघत सुई घालून पाणी काढायचं, कृमी मारणारं द्रावण सोडायचं, थोड्या वेळाने परत ओढून घ्यायचं. या पद्धतीला ‘पेअर’ म्हणतात. गाठीचा पित्तनलिकेशी संबंध असेल तर मात्र ती करायची नाही, कारण ते द्रावण नळ्यांनाच जाळतं. पिल्लू-गाठींनी भरलेली गाठ (सीई २, सीई ३बी) गोळ्यांना आणि सुईला फारशी दाद देत नाही. तिथे ऑपरेशनचा विचार खरा. आणि सीई ४, सीई ५ म्हणजे थंडावलेली गाठ. तिचा त्रास नसेल तर काहीही करायचं नाही, ठरावीक काळाने फक्त बघत राहायचं. लोकांना ‘काहीही करायचं नाही’ हा उपचार वाटत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मिस्टरांना हेही सांगा की दुसरं ऑपरेशन हे पहिल्याची पुनरावृत्ती नसतं. आत आतडी आणि पडदे चिकटलेले असतात, लिव्हरची ठेवण बदललेली असते, पित्तनलिका ओढल्या गेलेल्या असतात. ते करावं लागलंच तर लिव्हरची ऑपरेशनं नियमित करणाऱ्यांकडे करावं, आणि आधी गोळ्या सुरू करून. त्रास काहीच नसताना नीट निदानासाठी गेलेले दोन-चार आठवडे तुमचं काही बिघडवत नाहीत.

गोळ्यांबद्दल थोडं. अल्बेंडाझोल म्हणजे आपली ओळखीची जंताची गोळी, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. आतड्यातल्या जंतांसाठी एक गोळी घेतली की संपतं. इथे साधारण वजनाच्या मोठ्या माणसाला ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सलग काही महिने घ्यावी लागते. ती रिकाम्या पोटी घ्यायची नाही. स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर रक्तात कितीतरी जास्त उतरते, उपाशीपोटी घेतली तर बरीचशी वाया जाते. या काळात पांढऱ्या पेशी आणि लिव्हरची तपासणी ठरलेल्या दिवशी करावी लागते, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. केस गळू शकतात. गोळी थांबली की परत येतात. रक्ततपासणी न सांगता कुणी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर स्वतःहून विचारा.

तुम्ही ऑपरेशननंतर महिनाभर गोळ्या घेतल्यात, हे तुम्ही अपराधी सुरात लिहिलंय असं मला जाणवलं. सरळ ऑपरेशननंतर महिनाभर गोळ्या हा प्रचलित रिवाजच आहे. पाणी सांडलं असेल किंवा गाठ गुंतागुंतीची असेल तर तो काळ ३ ते ६ महिन्यांपर्यंत वाढवतात. म्हणजे तुमच्या बाबतीत महिना पुरेसा होता का, याचं उत्तरही त्या ऑपरेशनच्या नोंदीतच आहे. तुमची चूक झाली ती एकच, दोन वर्षं फिरकला नाहीत. या आजारात पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा सोनोग्राफी, निदान पाच वर्षं तरी. गाठ दहा वर्षांनी परत आलेलीही उदाहरणं आहेत.

आता नणंदबाई. जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपचारानंतर सुमारे ६.५ टक्के रुग्णांत हा आजार उलटतो. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अहवालांत हा आकडा २ पासून २५ टक्क्यांपर्यंत जातो, कारण गाठी निरनिराळ्या आणि ऑपरेशनची रीतही निरनिराळी. गाठीतलं पाणी दाबाखाली असतं. त्यात वाळूच्या बारीक कणांएवढी कृमीची मुंडकी तरंगत असतात, आणि यातलं एक मुंडकं बाहेर सांडून रुजलं तरी नवी गाठ होऊ शकते. म्हणून सर्जन आजूबाजूला मिठाच्या तीव्र द्रावणात भिजवलेले कपडे लावून मगच गाठ उघडतात. तरी एखादा कण निसटतो. कधी भिंतीच्या जाडीत एखादी चिमुकली गाठ दडलेली असते, तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये न दिसलेली. भिंतीसकट अख्खी गाठ काढली तर उलटण्याचं प्रमाण कमी होतं हे खरं, पण रक्तस्रावाचा आणि पित्त गळण्याचा धोका वाढतो. मोठ्या नळ्यांना टेकलेल्या गाठीत तळ सोडून देणं हा आळस नसतो, निवड असते. तुमच्या सर्जनने नीट काम केलं की नाही हे मी इथे बसून सांगणार नाही. नणंदबाईंनाही ते सांगता यायचं नाही. गाठ परत आली की नाही हेच अजून ठरलेलं नाही, मग दोष कशाचा ठरवताय?

सासूबाईंना मात्र स्पष्ट सांगा, हवं तर हे पत्रच वाचून दाखवा. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. ताटातून नाही, श्वासातून नाही, जवळ झोपल्याने नाही. याचं चक्र कुत्रा आणि मेंढी-बकरी-गुरं यांच्यामध्ये फिरतं. कुत्रा जनावरांचं गाठ असलेलं कच्चं लिव्हर किंवा फुप्फुस खातो, त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती माती, पाणी, न धुतलेली भाजी किंवा हाताला लागलेले केस यांतून माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये गाठ धरते. माणसाशी चक्र खुंटतं. तुमच्या शरीरात अंडी तयारच होत नाहीत, मग वाटीला लागणार काय? ताट परत मांडा.

राहिला कुत्रा. तो दोन वर्षांपूर्वी आला आणि तुमची पहिली गाठ तीन वर्षांपूर्वीच ९ सेंमीची होती. त्या गाठीचा ठपका त्याच्यावर येऊच शकत नाही. या गाठी इतक्या सावकाश वाढतात की अंडं कदाचित तुमच्या लहानपणीच पोटात गेलं असेल. आजची पोकळी बरोबर जुन्याच जागी आहे, म्हणजे नवी लागण असण्याचा संभवही कमीच. त्याला देऊन टाकायचं कारण मला दिसत नाही. पशुवैद्याकडून त्याला प्राझिक्वान्टेल या जंतनाशक औषधाचा डोस नियमित द्या, कच्चं मांस आणि अवयव कधीही घालू नका, त्याला मोकाट फिरून मेलेली जनावरं हुंगू देऊ नका. न्यूझीलंडने १९५९ पासून कायद्याने हेच दोन उपाय लावून धरले, कुत्र्यांना औषध आणि कच्च्या अवयवांना बंदी. २००२ मध्ये त्या देशाने आपण या आजारातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं, तेही भरपूर मेंढ्या आणि त्या राखणारे कुत्रे ठेवून. मुलीला कुत्र्याशी खेळल्यावर साबण-पाण्याने हात धुवायला लावा. हाताला चोळायचं सॅनिटायझर या अंड्यांपुढे निरुपयोगी आहे. आणि तुमच्यासोबत राहिलेल्या सगळ्यांची एकेकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, मुलीचीही. तुमच्यापासून त्यांना झालं असेल म्हणून नव्हे. ज्या मातीतून वा पाण्यातून तुम्हाला झालं, ते त्यांच्याही वाट्याला आलं असेल म्हणून.

वाट पाहायची म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही. उजव्या कुशीत दुखून थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, शौचाचा रंग मातकट झाला, अंगभर खाज सुटली, तर गाठ पित्तनलिकेत फुटलेली किंवा पिकलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटात एकाएकी जोराची कळ, अंगावर गांधी, श्वास कोंडणं, चक्कर हे एकत्र आलं, तर दिवसाचीही वाट पाहू नका, थेट तातडीच्या विभागात जा आणि ‘लिव्हरमध्ये हायडॅटिडची गाठ होती’ हे पहिलं वाक्य बोला.

तुमच्या पत्रातली दुसऱ्या मुलाची ओळ मी शेवटी ठेवली, कारण तीवर इतर सगळ्यांपेक्षा आधी बोलणं व्हायला हवं. अल्बेंडाझोल गर्भाला अपाय करू शकतं. गोळ्या सुरू करायच्या ठरल्या तर पहिल्या गोळीआधी गर्भचाचणी करा, आणि गोळ्या चालू असताना आणि त्या थांबल्यावर डॉक्टर सांगतील तेवढा काळ दिवस राहू देऊ नका. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर जुना रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद टेबलावर ठेवायच्या आधीच सांगा की आम्हाला मूल हवंय. पोकळी नुसती रिकामी खोली निघाली, तर तुम्हाला थांबायचं काही कारण नाही. जिवंत निघाली, तर आधी गोळ्यांचे काही महिने, मग सोनोग्राफी, आणि त्यानंतर बाळाचा विचार. पहिल्या वर्षीचा तो रिपोर्ट सापडला की त्यावरचा आकडा मला कळवा.